‘वटवाघळं मारा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

केरळातून निपाहची, म्हणजे वटवाघळांतून माणसात येणाऱ्या त्या जीवघेण्या विषाणूची, बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह सापडला, म्हणजे तो महाराष्ट्रात शिरलाच, शास्त्रज्ञच गुहांत घुसून हे विषाणू बाहेर काढतात, एवढा पैसा ओतून साथ तर थांबत नाहीच, त्यापेक्षा वटवाघळं मारून टाका. यंदा तो काकांनीच पाठवला. काकांना नुसता अंगठा दाखवून भागत नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी ‘शिरला’ या शब्दाबद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या लोकांनी मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापले. बऱ्याच वटवाघळांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं होती, म्हणजे संसर्ग कधीतरी होऊन गेला होता. विषाणूचा प्रत्यक्ष अंश मात्र अगदी मोजक्या नमुन्यांत मिळाला. हे सगळं त्या गुहेत केव्हापासून चालू होतं कोण जाणे. आपण डोकावलो 2020 मध्ये. घरातला जुना माळा पहिल्यांदा झाडला आणि झुरळं दिसली, तर ती काय त्याच दिवशी आली?

बरं, वटवाघळात विषाणू असणं आणि माणसाला रोग होणं यांत किती अंतर असतं? याचं उत्तर बांगलादेशात मिळतं. तिथे 2001 पासून निपाहचे रुग्ण सापडतायत, तेही मुख्यतः हिवाळ्यात आणि ठरावीक जिल्ह्यांत. संशोधकांनी 2006 पासून सहा वर्षं फरीदपूरच्या आणि इतर भागांतल्या वटवाघळांचे नमुने पुन्हा पुन्हा तपासले. दिसलं असं, की विषाणूचा वावर देशभरच्या थव्यांत आहे. रुग्ण मात्र मुख्यतः जिथे लोक शिंदीचा कच्चा रस पितात तिथे. रात्री झाडावर इन्फ्रारेड कॅमेरे लावले, तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. खोड तासून मडकं बांधलेलं, आणि वटवाघूळ येऊन ती तासलेली जागा चाटतंय, कधी तिथेच मुततंय. सकाळी तोच रस पेल्यात. उपाय निघाला तो बांबूच्या कामट्यांच्या झापाचा, तिथे त्याला ‘बाना’ म्हणतात. तासलेली जागा आणि मडक्याचं तोंड त्याने झाकलं की वटवाघळाला रसापर्यंत पोचता येत नाही. शिवाय रस उकळून प्यायला तर धोका उरत नाही.

आता ‘शास्त्रज्ञच विषाणू बाहेर काढतात’. हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते ऐकलं तर हा आरोप जरा हास्यास्पद वाटेल. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बारीक धाग्याचं जाळं लावतात. अडकलेलं वटवाघूळ जाड हातमोज्यांनी सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. अंधारात ते शांत होतं. मग पंख अंगाशी धरून घशात कापसाची काडी फिरवायची, कुपीत बुडवून तिचं टोक मोडायचं, पंखाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. झाडावर लटकणाऱ्या थोरल्या वटवाघळांना तर हात लावायचीही गरज नाही. पहाटेच्या आत झाडाखाली प्लास्टिकचा कागद अंथरला, की चरून परतलेल्या थव्याच्या मूत्राचे थेंब त्यावर टपटपतात. तेच गोळा करायचे. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना सोडून देतात, पण काही अभ्यासांत थोडी वटवाघळं मारून अवयवही तपासतात, हे लपवण्यात अर्थ नाही. या कामात धोका आहे, म्हणून तर अंगभर पोशाख, मास्क, रेबीजची लस. जिवंत निपाह हाताळायचा तर त्यासाठी पुण्यात पाषाणला एनआयव्हीची जैवसुरक्षा पातळी चारची, म्हणजे सगळ्यात कडक बंदोबस्ताची, प्रयोगशाळा आहे, 2012 पासून. आणि गंमत म्हणजे 2020 मध्ये वटवाघळांच्या जागतिक तज्ज्ञ गटाने हे काम काही काळ थांबवायला सांगितलं, ते आपल्याकडून करोना वटवाघळांना लागेल या भीतीने.

‘मारून टाका’ हा सल्ला मात्र आजमावून झालेला आहे. युगांडातल्या कितका खाणीत 2007 मध्ये कामगारांना मारबर्ग हा वटवाघळांतूनच येणारा जीवघेणा विषाणूजन्य ताप झाला. तिथली वटवाघळं रूसेटस कुळीची, म्हणजे महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांची भाऊबंदच. 2008 मध्ये खाणीची तोंडं जाळ्यांनी, प्लास्टिकने बंद करून ती मारली. काही वर्षांत नवी वटवाघळं येऊन राहिली आणि त्यांच्यात चालू संसर्गाचं प्रमाण आधीच्या सुमारे 5 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेलेलं आढळलं. बहुधा मोकळ्या जागेत संसर्ग न झालेली तरणी वटवाघळं गर्दी करतात आणि विषाणूला ताजं रान मिळतं. 2012 मध्ये त्याच भागात मारबर्गचा उद्रेक झाला.

शिवाय मारायची ती कोणती? भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती, बहुतेक किडे खाऊन जगणाऱ्या. 2018 मध्ये केरळात पेरांब्राच्या ज्या घरात पहिले रुग्ण सापडले, तिथल्या विहिरीतली वटवाघळं तपासली. ती कीटकभक्षी निघाली आणि त्यांच्यात निपाह नव्हता. मग फळं खाणारी तपासली, तर 52 पैकी 10 मध्ये सापडला. आधीच ‘मारा’ सुरू झालं असतं, तर विहिरीतल्यांचाच बळी गेला असता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि इथे मेसेजात थोडं तथ्य आहे. अमेरिकेच्या मदतीने 2009 पासून दहाएक वर्षं ‘प्रेडिक्ट’ नावाचा प्रकल्प चालला. सुमारे 20 कोटी डॉलर खर्चून शेकडो नवे विषाणू नोंदले गेले. करोना काही त्याला आधी दिसला नाही. पुढची साथ कोणत्या विषाणूची, हे गुहेत बसून सांगता येईल ही जाहिरात फाजील होती, असं काही नामवंत विषाणुशास्त्रज्ञांनीच 2018 मध्ये लिहिलं होतं. मलाही ते पटतं. नुसती यादी वाढवून काय होणार? पण एकाच थव्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवणं ही वेगळी गोष्ट. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा विषाणू वटवाघळांतून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत जातो. तिथल्या 25 वर्षांच्या नोंदी 2022 मध्ये एकत्र मांडल्या, तेव्हा कळलं की हिवाळ्यात फुलणारी झाडं तुटली, वटवाघळं उपाशी राहिली, घोड्यांच्या कुरणांजवळ येऊन राहू लागली, आणि संसर्ग वाढले. ज्या हिवाळ्यात जंगलं भरभरून फुलली, त्यात संसर्ग थांबले. आणि रोग लवकर ओळखला की काय फरक पडतो, ते केरळात दिसलं. 2018 मध्ये 17 जण गेले, संसर्ग बराचसा रुग्णालयांत पसरला. 2019 मध्ये एर्नाकुलमला एका विद्यार्थ्याला निपाह झाला. लवकर ओळखला गेला, तो बरा झाला आणि दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही.

एवढं सगळं काकांना पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: “ते ठीक. मागच्या दारच्या झाडाचे चिकू खायचे की नाही?”

खा, काका. धुऊन, सोलून खा. दातांच्या खुणा असलेला आणि खाली पडलेला तेवढा टाकून द्या, हात धुवा.