घरी गाडी पॉलिश करणाऱ्यांनी ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं

गाडी पॉलिश करायच्या मशीनवरचा लेख आवडला, पण 'रोटरीने काम लवकर होतं, तीच घ्या' हा सल्ला घरी पहिल्यांदा पॉलिश करणाऱ्याला देऊ नये, असं अगदी मनापासून वाटतं. रोटरीत पॅड नुसतं गोल फिरतं, ती एकाच जागी जरा रेंगाळली की उष्णता साठते. बॉनेटच्या कडा, दरवाजावरच्या धारा इथे क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पातळ असतो. सपाट भागावरही तो साधारण 40-50 मायक्रॉनच. तो गेला की पेंटरच गाठावा लागतो. साध्या ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड गोल फिरतं आणि हेलकावतंही, जास्त दाबलं तर फिरणं थांबतं. पॅड जिच्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली नाही, तर हात हलका करा.

15 मिमी थ्रो (पॅडच्या हेलकाव्याची रुंदी) आणि 5 इंची प्लेट पुरे. 21 मिमी टपावर छान, वळणांवर अडतं.

आमच्या रत्नागिरीत मशीनइतकंच महत्त्व धुण्याला आहे हो! जांभ्याची लाल धूळ आणि खाऱ्या वाऱ्याचा थर तसाच ठेवून पॅड लावलं, तर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. आधी भरपूर पाणी, मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. आंब्याच्या चिकाचा डाग खोल गेला असेल तर पूर्ण काढायच्या हट्टाला पेटू नका, कोट राखा. काम सावलीतच, पत्रा गार असताना. आणि पॉलिशने चकाकी येते, संरक्षण नाही. पावसाळ्याआधी वरून वॅक्स किंवा सीलंट लावाच.