‘हाशव’ म्हणजे विणणे नव्हे

ख्रिस्ती भक्तिपर लेखांत आणि प्रवचनांत हे हमखास ऐकायला मिळतं. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात योसेफ त्याला विकून टाकणाऱ्या भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं (५०:२०). इथे ‘योजणे’साठी हिब्रूत ‘हाशव’ हे क्रियापद आहे. दावा असा की या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘विणणे’. म्हणजे भावांनी दुष्टपणाचे काळे धागे पुरवले आणि देवाने नंतर त्यांचंच सुंदर वस्त्र विणलं. पुरावा म्हणून निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेसाठी उभारलेल्या तंबूचे, पडदे दाखवले जातात. जोडीला यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन येतं: देव आपल्यासाठी जे काही विणतो ते चांगलंच असतं.

चित्र देखणं आहे. दुःखात बुडालेल्या माणसाला त्याने धीर येतो, हेही मी नाकारत नाही. पण ते या शब्दात नाही, आणि तिथे ते बसवलं की योसेफाच्या वाक्याचा कणाच मोडतो.

आधी ‘मूळ अर्थ’ बघू. हा अर्थ बहुतेक वेळा जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० सालच्या शब्दसूचीतून उचललेला असतो. क्रमांक २८०३ खाली त्यांनी गुंफणे, विणणे असा अर्थ आधी दिला आणि त्यावरून बेत रचणे, विचार करणे, मोजणे हे अर्थ निघाले असं मांडलं. स्ट्राँग यांचं काम अफाट होतं, पण ती मुळात इंग्रजी बायबलमधले शब्द शोधण्याची सूची. मागे जोडलेल्या हिब्रू टिपणांवर सिद्धान्त उभा करावा, अशी ती चीज नाही. हे क्रियापद हिब्रू बायबलमध्ये सुमारे सव्वाशे वेळा येतं, आणि धागा किंवा कापड हे त्याचं कर्म आहे असं एकही वाक्य त्यात नाही.

समजा, कधीकाळी तो अर्थ होताही. म्हणून काय झालं? ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, पण डोक्याला खोबरेल तेल लावताना कुणाच्या मनात तीळ येत नाहीत. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. हिब्रूचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांना नेमकी हीच चूक दाखवून दिली होती. तरी प्रवचनांत ती अजून ठाण मांडून आहे.

आता पडद्यांचा पुरावा. इथे जरा थांबायला हवं, कारण यात थोडं तथ्य आहे. निर्गम या पुस्तकात (२६:१) करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या, आकृती असलेले पडदे ‘होशेव’चं काम म्हणून सांगितले आहेत, आणि ‘होशेव’ हे ‘हाशव’चंच रूप. एफोद म्हणजे मुख्य याजकाचं अंगावरचं वस्त्र; त्याच्या पट्ट्यालाही ‘हेशेव’ म्हटलंय. पण तोच ग्रंथ पुढे वाचा. दाराचा पडदा ‘रोकेम’चं, म्हणजे भरतकाम करणाऱ्याचं काम. एफोदाखालचा निळा झगा ‘ओरेग’चं काम, आणि ‘ओरेग’ म्हणजे विणकर. विणण्यासाठी हिब्रूत ‘आरग’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. महाबली शमशोनाची प्रेयसी दलीला त्याच्या केसांच्या बटा मागावर विणते तिथे तेच येतं. निर्गम ३५:३५ मध्ये तर कारागीर, होशेव, रोकेम आणि ओरेग एकाच वाक्यात वेगवेगळे मोजले आहेत. होशेव जर विणकर असता, तर त्याच वाक्यात विणकराचं नाव पुन्हा कशाला आलं असतं?

मग होशेव करतो काय? निर्गम ३९:३ मध्ये एफोदाचं काम जवळून दिसतं: सोन्याचे पातळ पत्रे ठोकले, ते कापून तारा काढल्या आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात त्या घातल्या. इथे हात सोनाराचेही लागले आणि विणकराचेही. होशेवचा भाग नक्षीचा: कुठे काय यायचं ते आधी डोक्यात बसवणं. बसालेल या मुख्य कारागिराची नेमणूक होते तेव्हा हे आणखी स्पष्ट होतं. त्याला बुद्धी दिली ती ‘महशावोत’ योजण्यासाठी, आणि लगेच पुढे सामग्री सांगितली आहे: सोनं, चांदी, पितळ (३१:४). ‘महशावोत’ म्हणजे योजना, कल्पना, ‘हाशव’चंच नाम. आणि ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकात उज्जीया राजा यरुशलेमेच्या बुरुजांवर बाण आणि मोठे दगड फेकणारी यंत्रं बसवतो. तीही होशेवच्याच डोक्यातून निघालेली आहेत (२६:१५). दगड फेकणारं यंत्र कुणी विणत नाही.

हे क्रियापद बाकी कुठे येतं, हे पाहिलं की मराठी माणसाला एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. लेवीय या पुस्तकात विकल्या गेलेल्या माणसाच्या सुटकेची किंमत ठरवायची, तर वर्षांची मोजदाद करायची: हाशव. योवाश राजाच्या काळात मंदिराची डागडुजी चालली होती, तेव्हा पैसे हाताळणाऱ्यांकडून कुणी हिशेब मागत नसे, कारण ती माणसं प्रामाणिक होती: हाशव. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, आणि एली याजक तिला दारू प्यायलेली समजतो: हाशव. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व गणला गेला, तिथेही तेच. अरबीतला ‘हसब’ हा याच सामी कुळातला धातू; त्यावरून ‘हिसाब’, आणि फारसीमार्गे आपला ‘हिशेब’. आजच्या हिब्रूतही ‘हेशबोन’ म्हणजे हिशेब. अर्थात हे नातं म्हणजे पुरावा नव्हे, नाहीतर स्ट्राँग यांचीच वाट मी धरली असं होईल. पुरावा वरच्या वाक्यांत आहे. पण कुणाला हिशेबात धरणं, मनात काही हिशेब ठेवून वागणं, हे सगळं एकाच शब्दात मावतं याची सवय आपल्याला आहेच. त्यासाठी मागावर जायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, योसेफाचं वाक्य. बाप याकोब वारला आहे आणि आता योसेफ सूड घेईल म्हणून भाऊ घाबरले आहेत. त्यांनी त्याला चांदीच्या वीस तुकड्यांना विकलं होतं, तेही ‘भावाला मारून फायदा काय’ असा विचार त्यांच्यातल्या यहूदाने मांडल्यावर. हिब्रूत योसेफ म्हणतो: ‘हाशवतेम’, तुम्ही योजलंत, ‘हाशवाह’, त्याने ते योजलं. क्रियापद तेच, काळही तोच, फक्त कर्ता बदलला. दुसऱ्या रूपाच्या शेवटचं ‘ते’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘राआ’, म्हणजे वाईट, या शब्दाकडे बोट दाखवतं. आधी भावांनी बिघडवलं आणि मग देवाने सावरून घेतलं, असा क्रम इथे नाहीच. त्या एकाच घटनेमागे दोन हेतू एकाच वेळी उभे आहेत. भावांचा हेतू वाईट होता आणि योसेफ तो वाईटच म्हणतो, धागा वगैरे म्हणून सौम्य करत नाही. देवाचाही हेतू होता, आणि तो नंतर सुचलेला नव्हता. पंचेचाळिसाव्या अध्यायात योसेफ हेच म्हणतो: देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं.

लेखकाला ‘पालटलं’ म्हणायचं असतं तर त्यासाठी ‘हाफख’ हे क्रियापद होतं. अनुवाद या बायबलच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात बलाम या द्रष्ट्याचा शाप देवाने आशीर्वादात पालटला, असं नेमकं त्याच शब्दात सांगितलंय. योसेफाच्या तोंडी ते घातलेलं नाही.

राहिलं यिर्मयाचं वचन. ते बाबेलात कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्यातलं ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना घरं बांधा, बागा लावा असं सांगितलं होतं. आणि ‘देवाचं हाशव नेहमी गोडच’ म्हणणाऱ्याने त्याच ग्रंथाचा अठरावा अध्याय काढावा. कुंभाराच्या घरून आल्यावर यिर्मया सांगतो की देव तुमच्याविरुद्ध योजना योजत आहे. मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तर बिछान्यावर पडून अधर्म योजणाऱ्यांचा धिक्कार होतो, आणि दोनच वचनांनंतर देव म्हणतो, मी या कुळावर अरिष्ट योजत आहे. दोन्हीकडे हाशवच. हा शब्द स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. कोण योजतो आणि काय योजतो, त्यावर सगळं आहे.

ज्यांना प्रवचनात देवाच्या हातचं कापड दाखवायचंच आहे, त्यांनी स्तोत्र १३९ उघडावं. आईच्या उदरात मी घडवला गेलो असं कवी म्हणतो, तिथे पंधराव्या वचनात क्रियापद येतं ते त्या भरतकामवाल्या ‘रोकेम’चं. हिज्कीया राजा दुखण्यातून उठल्यावर म्हणतो की विणकराप्रमाणे मी माझं आयुष्य गुंडाळलं, तो मला मागावरून कापून टाकतो (यशया ३८:१२). तिथे ‘ओरेग’ आहे.