सहा महिन्यांत झालं असतं म्हणे

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आठ दिवसांच्या टूरवर चीन पाहून गेला आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय: चीनमध्ये असतं तर सहा महिन्यांत झालं असतं. विषय सोलापूरच्या पाण्याचा. उजनी भरून वाहते तरी शहरात चार-पाच दिवसांनी नळ येतो, समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली, आणि माझी आई अजून घरातले ड्रम भरून ठेवते. दादाचा संताप मला कळतो. पण त्या संतापात तो चीनमधल्या माझ्या गल्लीतल्या माणसांना साक्षीला उभं करतो, तेही त्यांच्याशी एक शब्द न बोलता. ते मला सहन होत नाही.

मी चीनमध्ये शांघायजवळच्या सुझोऊ शहरात राहते, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. इथे येणाऱ्या पाहुण्यांची वाट ठरलेली असते. बीजिंग, शिआनचे मातीचे सैनिक, शांघायचा नदीकाठ आणि हल्ली चोंगचिंग, कारण तिथे लिझिबा स्थानकात गाडी इमारतीच्या पोटातून जाते. समोर फोटोसाठी खास सज्जा बांधलाय. दादाने तिथला व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'इमारत फोडून मेट्रो नेली, याला म्हणतात इच्छाशक्ती.' कोणी काही फोडलं नव्हतं. इमारत आणि स्थानक एकत्रच आखून बांधले. दोन खात्यांनी वेळेवर एकमेकांशी बोलून घेतलं, एवढीच ती गोष्ट, आणि सोलापूरने शिकण्यासारखी तीच होती.

त्याच चोंगचिंगमध्ये २००७ साली एका जोडप्याने बिल्डरला घर द्यायला नकार दिला होता. चहूबाजूंनी खोल खड्डा खणला गेला आणि मधल्या मातीच्या ढिगावर त्यांचं दुमजली घर उभं राहिलं. तो फोटो जगभर गेला, आणि शेवटी त्यांच्याशी तडजोड करावी लागली. असे हट्टाने उभे राहणारे लोक या देशात गावोगावी आहेत. टूरच्या बसमधून ते दिसत नाहीत.

पाण्याचंच बोलायचं तर पाण्याचंच बोलू. दक्षिणेचं पाणी उत्तरेला न्यायची कल्पना माओंनी १९५२ मध्ये मांडली. त्या योजनेतल्या मधल्या मार्गाचं काम २००३ च्या अखेरीस सुरू झालं, ठरलेली मुदत हुकली, आणि बीजिंगला पाणी पोहोचलं ते डिसेंबर २०१४ मध्ये. दानच्यांगखोउ धरणाची उंची वाढवायची म्हणून हुबेई आणि हनान प्रांतांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांना गावं सोडावी लागली. बीजिंगच्या हॉटेलात दादाने ज्या शॉवरचं कौतुक केलं, त्याच्या मागे हे सगळं आहे. उजनीखाली ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडं आमच्या वर्गात होती. 'सहा महिने' म्हणणाऱ्याने त्यांच्यासमोर म्हणून दाखवावं.

मग रस्ते. दादा म्हणाला, 'कागदाचा कपटा दिसला नाही.' खरंच दिसत नाही. आमच्या गल्लीत पहाटे झाडू मारणारे आजोबा आन्हुई प्रांतातल्या खेड्यातले, सत्तरीला टेकलेले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना जे निवृत्तिवेतन मिळतं, त्याची केंद्राने ठरवलेली किमान पायाभूत रक्कम २०२५ मध्ये वाढून महिन्याला १४३ युआन झाली, म्हणजे सतराशे रुपयांच्या आसपास. प्रांत त्यात आपली भर घालतात, तरी सुझोऊत नूडल्सचा एक वाडगा वीस युआनला पडतो, हे लक्षात घ्यावं. आजोबा म्हणूनच झाडतात. त्यांचा नातू गावी शिकतो, कारण कुटुंबाची सरकारी नोंद ज्या गावची असते तिथल्या शाळेवरच पहिला हक्क. शिस्त, संस्कार, राष्ट्रप्रेम असे मोठे शब्द दादाने त्या स्वच्छ रस्त्याला चिकटवले. आजोबांना त्यांतला एकही लागू नाही.

एवढं वाचून मावशीच्या बाजूचे लोक खूश होतील, म्हणून त्यांनाही सांगते. मावशी इथे कधीच आली नाही, पण 'तिथे माणसं नाहीत, यंत्रं आहेत' हे तिला ठाऊक आहे. मावशी, दुसरी पाळी संपवून मी रात्री अकराला इ-बाइकवर एकटी घरी येते. वाटेत चौकात बायका स्पीकर लावून नाचून घरी परतत असतात. बारावीत असताना क्लासहून नऊला येताना बाबा कोपऱ्यावर येऊन उभे राहायचे. तू सुद्धा बाबांना तसं उभं राहायला सांगायचीस. २०२२ च्या कोविडच्या बंदीत आमचं संकुल बंद झालं तेव्हा सगळ्यांची भाजी एकत्र मागवायची जबाबदारी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी घेतली. आम्ही मांस खात नाही हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून आमच्या दारात त्या जास्तीचा टोफू ठेवायच्या. त्याच दिवसांत फाटकावर पत्रे ठोकलेले होते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मी एकाच खिडकीतून पाहिलंय.

दर ९ डिसेंबरला, पुण्यतिथीला, ग्रुपवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो येतो. आमच्या सोलापूरचे. 'आपण त्यांना काय दिलं बघा' अशी ओळ खाली असते. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, चिनीत शिकवू लागले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन मिळून 'यिनह्वा' ठेवलं. १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. शिच्याच्वांगला त्यांच्या समाधीवर छिंगमिंग या पितरांच्या सणाला आजही लोक फुलं ठेवतात. चीनबद्दल बोलायचा हक्क त्यांनी तिथे राबून मिळवला होता, आणि त्यांनी तो मायदेशाला टोमणे मारायला वापरला नाही.

माझा हक्क तेवढा नाही. मी पगारासाठी आले. माझा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. करार संपला की निघायचं. लेक इथल्या शाळेत जाते, वर्गात तिची मैत्रीण तिला सुझोऊची बोली शिकवते, पण ती इथली नागरिक होणार नाही. काही विषयांवर मी इथे राहून लिहीत नाही, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही. सोलापुरात आई घागर घेऊन महापालिकेवर मोर्चाला गेली होती, साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून भांडली होती. माझ्या नळाला चोवीस तास पाणी आहे, आणि ते गेलं तर कोणाच्या टेबलासमोर उभं राहायचं हे मला माहीत नाही. राहिले तरी पाहुणी म्हणूनच राहीन.

म्हणून दादाने या देशाचं नुसतं कौतुक केलं की मला लागतं, आणि मावशीने हिणवलं तरी लागतं. सोलापूरला नावं ठेवली की त्याहून जास्त लागतं, मग मी मध्यरात्री उठून लांबलचक उत्तरं लिहिते. परत जायचं का, हे नवरा आणि मी प्रत्येक वेळी परवाना नव्याने काढताना बोलतो. लेक पाचवीत गेली की ठरवू, असं सध्या म्हणतोय.