पंप बसवाल, पण भरणार कोण?

तासगावजवळच्या आमच्या गावात सध्या एका पोराच्या पंपावरून वाद पेटलाय आणि तो मी इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये फोनवर ऐकतोय. माझ्या मावसबहिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. पाय इतके आखडतात की कपडे बदलायला दोन माणसं लागतात. बॅक्लोफेनच्या गोळ्या वाढवल्या की ताठरपणा थोडा उतरतो, पण मग पोरगं दिवसभर पेंगतं. पुण्याच्या डॉक्टरांनी हेच औषध मणक्यात सोडणारा पंप पोटात बसवायचा पर्याय सुचवलाय. गणेश मंडळ वर्गणी काढायला तयार आहे. काका म्हणतात, "होऊ दे काय तो खर्च एकदाचा." आजीचं म्हणणं, "पोटात यंत्र घालून लेकराचे हाल करू नका."

मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पंप बसवलेले पेशंट माझ्याकडे येतात. आजीची भीती खोटी नाही. जंतुसंसर्ग होतो, नळी दुमडते किंवा निसटते. शिवाय काही पेशंट त्या ताठरपणाच्याच आधारावर उभे राहतात, तो सगळा काढला तर पाय लुळे पडतात. तरीही योग्य पेशंटला या पंपाने फार सुख मिळतं. तळहाताएवढी धातूची चकती पोटाच्या कातडीखाली बसते, तिथून बारीक नळी मणक्यात जाते आणि औषध थेट मज्जारज्जूपाशी पोचतं. त्यामुळे गोळीत जिथे मिलिग्रॅम लागतात तिथे मायक्रोग्रॅममध्ये भागतं आणि गुंगी बरीच कमी होते.

काकांचं मात्र मला अजिबात पटत नाही. खर्च एकदाचा नसतो. दर काही महिन्यांनी पंप पुन्हा भरावा लागतो. इथली नर्स आधी बोटांनी चकतीची कड चाचपते, कातडीतून सुई बरोबर मधल्या छिद्रात घालते, उरलेलं औषध काढून मोजते आणि यंत्राच्या हिशेबाशी ताडून बघते. मग नवीन औषध भरून पुढची तारीख लिहून देते. पाच-सात वर्षांत बॅटरी संपली की पंपच बदलायचा, म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

आणि तारीख चुकली तर? औषध अचानक बंद झालं की आधी अंगाला खाज सुटते, ताठरपणा दुपटीने परत येतो, मग जोराचा ताप, भ्रम. जीवही जाऊ शकतो. घरातल्या गोळ्या देऊन ते नेहमी आवरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, रस्ते बंद झाले. भरायची तारीख नेमकी त्या आठवड्यात आली असती तर पोराला पुण्याला कसं नेणार होतो आपण?

इंग्लंडमध्येही सगळं आलबेल नाही. नंबर लागायला ताटकळावं लागतं, आणि माझ्या कितीतरी पेशंटना घरी उचलायला माणूस नाही. गावात हाक मारली की चार जण धावतात. पण इथे पंपासोबत क्लिनिक, नर्स, अलार्म वाजला तर कुठे फोन करायचा, हे सगळं ठरलेलं असतं आणि पेशंटला पैसे मोजावे लागत नाहीत. आपल्याकडे चर्चा यंत्राच्या किमतीपाशीच थांबते.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून कर्नाटकातले पेशंट मिरजेला येतात. त्या मिरजेत पंप भरणारी शिकलेली नर्स, पंपाचा डोस बाहेरून तपासणारं-बदलणारं यंत्र आणि औषधाचा साठा असायला काय हरकत आहे? ऑपरेशन पुण्यात होऊ दे, भरणं मात्र घरापासून तासाभराच्या आत हवं. सरकारी योजनेतून पैसे मागायचे तर भरण्याचे आणि पुढच्या पंपाचेही मागावेत. आमदारांकडे शिष्टमंडळ जाणारच आहे, तर ही मागणी सगळ्यात वर लिहा.

बहिणीला मी सांगितलंय, आधी चाचणीचा डोस करून घे. मणक्यात एकदाच थोडं औषध देतात, बहुधा 50 मायक्रोग्रॅम. काही तासांत पाय किती सैल पडतात ते दिसतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत असर उतरतो. त्या दिवशी आजीलाही सोबत ने, तिला पोराचे पाय स्वतः हलवून बघू दे. फरक पडला तर डॉक्टरांकडून लिहून घे: भरणार कोण, कुठे, औषध कोण आणणार, रात्री अडचण आली तर कुठला नंबर. मंडळाने वर्गणी जरूर काढावी, पण त्यातले निम्मे पैसे पुढच्या भरण्यांसाठी पोराच्या नावावर बँकेत ठेवावेत. माझा वाटा मी त्याच खात्यात टाकणार आहे.