तो शंभर तक्रारींचा मेसेज चुकीचा आहे

सगळीकडे एक मेसेज फिरतोय की एकाच खड्ड्याची किंवा बंद दिव्याची शंभर जणांनी तक्रार टाकली तरच शहर प्रशासन हलतं, कमी असतील तर सिस्टिम आपोआप डिलीट करते. असा कुठलाही सर्वसाधारण नियम नाहीये. एक नीट तक्रार पण नोंदवली जाते आणि तिला नंबर मिळतो, तो जपून ठेवा. उलट बऱ्याच ठिकाणी एकाच जागेच्या तक्रारी एकत्र जोडतात, म्हणजे तुम्ही कॉपी पेस्ट करून पाठवलेल्या शंभराची शेवटी एकच होते. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेलं फिक्समायस्ट्रीट हे रस्त्यांच्या तक्रारी नोंदवायचं संकेतस्थळ तर आसपासच्या आधीच्या तक्रारी नकाशावर दाखवतं, ते याचसाठी.

आता हे खरंय की जास्त लोक बोलले की दबाव येतो, ते नाकारत नाही, पण "आमच्या गल्लीत लाईट नाही" एवढंच लिहिलं तर दुरुस्तीला आलेला माणूस तो दिवा शोधणार कुठे? खांबाचा नंबर, जवळची खूण, फोटो, कधीपासून बंद, हे द्या. आणि तक्रारीचं स्टेटस 'बंद' दिसलं म्हणजे काम झालंच असं नाही हं, कधीकधी नुसतं दुसऱ्या खात्याकडे ढकललेलं असतं, तेव्हा जुना नंबर देऊन परत विचारा.