‘नॅट असताना फायरवॉल कशाला?’ : सांगलीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरच्या राउटरवर फायरवॉल (नको असलेली वाहतूक अडवणारी चाळणी) नीट कशी बसवावी, या माझ्या लेखावर आपण सांगलीहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण नाव दिलेले नाही, मात्र घर विश्रामबागेत आहे आणि मार्केट यार्डात हळदीचे दुकान आहे एवढे लिहिले आहे. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात पुन्हा मांडतो. घरचा राउटर नॅट करतो, म्हणजे घरातली सर्व उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो, आणि त्यावर नेटवाल्याचे सीजी-नॅट, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता देणारे नॅट, आहे, त्यामुळे बाहेरचा कोणी आत येऊच शकत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) चे पत्ते इतके अफाट आहेत की त्यांत आपले घर कोणाला सापडणार नाही. मी सांगितलेला नियम लावल्यावर अर्ध्या तासात घरचे नेट सुस्त झाले आणि तंत्रज्ञाला बोलवावे लागले, त्याने फायरवॉल ‘लो’ वर ठेवून ‘आता हात लावू नका’ असे बजावले. आणि दुकानातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डबा) तीन वर्षे डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरने बाहेरच्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागी, आहे, तरी आजवर काहीही झालेले नाही. माझा लेख उगाच घाबरवणारा आहे, हा आपला निष्कर्ष.

यातला सुस्त नेटचा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे आणि चूक माझी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. बाहेरून येणारे सर्व आयसीएमपी (नेटवरची उपकरणे एकमेकांना पाठवतात ते तांत्रिक निरोप) सर्वांत वरच्या नियमाने टाकून द्यावे, म्हणजे पिंगला (‘तिथे कोणी आहे का’ या हाकेला) उत्तर जाणार नाही आणि घर बाहेरच्यांना दिसणार नाही, असे मी लिहिले होते. आयपीव्ही४ च्या काळात अंगवळणी पडलेली ही सवय मी विचार न करता आयपीव्ही६ वर लादली. आयपीव्ही६ मध्ये आयसीएमपी केवळ पिंगपुरते नसते. नेटवाल्याकडचा राउटर ठरावीक वेळाने आपल्या राउटरला ‘बाहेरचा रस्ता माझ्याकडून जातो’ असे कळवत असतो. या सूचनेला राउटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात, ती आयसीएमपीतूनच येते आणि मानकानुसार तिची नेहमीची मुदत १८०० सेकंदांची, म्हणजे अर्ध्या तासाची असते. आपण नियम लावला तेव्हा आधीची सूचना राउटरच्या लक्षात होती, म्हणून सगळे सुरळीत दिसले. मुदत संपली, नवी सूचना माझ्या नियमाने दारातच अडवली आणि आयपीव्ही६ चा रस्ता हरवला. घरातल्या फोनांजवळ आयपीव्ही६ चे पत्ते मात्र तसेच होते, त्यामुळे ते आधी त्या रस्त्याने जाऊन पाहात आणि तिथे काही न मिळाल्यावर आयपीव्ही४ कडे वळत. ब्राउझर हा वळसा पटकन घेतात, अनेक ॲप घेत नाहीत. ‘काही पाने लगेच उघडतात, काही नुसती फिरत राहतात’ हे आपले वर्णन वाचताक्षणी मला कारण उमगले आणि थोडी शरमही वाटली. कृष्णा आमच्या माहुलीवरून पुढे आपल्याकडे येते, तशी ही चूकही साताऱ्यातून सांगलीत पोहोचली, असे म्हणावे लागेल.

त्याच नियमाने दुसरेही एक नुकसान होत होते, जे कदाचित आपल्या लक्षात आले नसेल. आयपीव्ही६ मध्ये मोठे पॅकेट (नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा) वाटेतला कोणताही राउटर तोडून पुढे पाठवत नाही. पुढचा टप्पा अरुंद असेल तर तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपी निरोप देतो. हा निरोपच अडवला तर आपला संगणक तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटा मजकूर जातो, मोठी फाइल अर्ध्यावर अडकते आणि दोष नेटवाल्याच्या माथी मारला जातो.

दुरुस्ती नियमांच्या क्रमात आहे. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो आधी लागू पडतो तिथे निर्णय होतो, म्हणून सर्वांत वर एकच गोष्ट असावी : घरातून सुरू झालेल्या जोडणीचे उत्तर, किंवा त्या जोडणीशी संबंधित निरोप, आत येऊ द्यावा. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत याला ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ म्हणतात, आणि वर सांगितलेला ‘पॅकेट फार मोठे’ हा निरोप त्यातल्या ‘रिलेटेड’मध्येच मोडतो. त्यानंतर राउटरच्या स्वतःच्या कामासाठी आयसीएमपीव्ही६ चे १ ते ४ हे त्रुटींचे आणि १३३ ते १३६ हे शेजारओळखीचे प्रकार मोकळे ठेवावेत, तसेच नेटवाल्याकडून पत्ते मिळण्यासाठी यूडीपी ५४६ हे पोर्ट (वाहतुकीचे क्रमांक दिलेले दार) उघडे असावे. ते उत्तर पुष्कळदा ‘एस्टॅब्लिश्ड’मध्ये ओळखले जात नाही, कारण आपली मागणी सामायिक पत्त्यावर गेलेली असते आणि उत्तर वेगळ्याच पत्त्यावरून येते. याखाली, अगदी शेवटी, बाहेरून आत येणारे बाकी सर्व बंद. कोणते आयसीएमपीव्ही६ अडवावे आणि कोणते नाही, यावर २००७ मध्ये आरएफसी ४८९० हा स्वतंत्र दस्तऐवजच निघालेला आहे. तो मी लेख लिहिण्यापूर्वी पाहायला हवा होता. लेखातला जुना नियम मी खोडलेल्या स्वरूपात तसाच ठेवला असून खाली नवा लिहिला आहे.

आता नॅट. इथे मात्र मी आपल्याशी सहमत नाही. नॅट हा पत्त्यांच्या टंचाईवर १९९४ मध्ये सुचवलेला तोडगा आहे. एका सार्वजनिक पत्त्यावर घरातली दहा उपकरणे चालवणे हे त्याचे काम. बाहेरून अनाहूत पॅकेट आले आणि ते कोणासाठी आहे याची नोंद तक्त्यात नसली, तर ते घरातल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही हे खरे. पण नोंद नसलेले ते पॅकेट राउटर स्वतःसाठीच आलेले समजतो, आणि राउटरचे व्यवस्थापनाचे पान किंवा टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) बाहेरच्या बाजूला उघडे असेल तर उत्तरही देतो. नॅट मागच्या उपकरणांना आडोसा देतो, स्वतः राउटरला देत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली, ती कंपनीला दुरून राउटर सांभाळता यावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या ७५४७ या पोर्टवर बाहेरून मारा झाल्यामुळे. त्या घरांतही नॅट होतेच.

सीजी-नॅटचा आपला मुद्दा निम्मा खरा आहे. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण सीजी-नॅटमागे आहात आणि जगाच्या पाठीवरचा कोणी आयपीव्ही४ वरून थेट आपल्या राउटरचे दार ठोठावू शकत नाही. मात्र त्याच नेटवाल्याचे बाकीचे ग्राहक जगात मोडत नाहीत. आपल्या गावांत खांबावरून खांबावर नेलेल्या केबलवाल्याच्या जाळ्यात ग्राहक एकमेकांपासून वेगळे केलेले नसतील, तर पलीकडच्या आळीतला संसर्ग झालेला डबा आपल्याच अंगणात उभा असतो. शिवाय सीजी-नॅट आपल्या हातात नाही. तो नेटवाल्याने स्वतःच्या सोयीसाठी लावलेला असतो आणि उद्या काढला तर तो आपल्याला विचारायला येणार नाही.

पण खरी गोष्ट आयपीव्ही६ ची आहे, आणि मी तो लेख लिहायला बसलो तेच एका संध्याकाळच्या अनुभवामुळे. आमच्या गोडोलीच्या घरी फाटकावर एक छोटा कॅमेरा आहे. आई दुपारी अंगणात पापड वाळत घालते आणि गाय आली की मला फोनवर कळते, एवढाच त्याचा उपयोग. त्या संध्याकाळी राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कॅमेऱ्यापुढे आयपीव्ही४ च्या पत्त्याबरोबर एक लांबलचक आयपीव्ही६ पत्ताही दिसला. मी फोनचे वायफाय बंद केले, मोबाइल डेटा सुरू केला, गच्चीच्या पायऱ्यांवर बसून तो पत्ता चौकटी कंसात घालून ब्राउझरमध्ये टाइप केला. दोन वेळा आकडा चुकला. तिसऱ्या वेळी कॅमेऱ्याचे लॉगिनचे पान उघडले. मी कोणतेही पोर्ट उघडलेले नव्हते, आयपीव्ही४ वर सीजी-नॅट होते आणि राउटरच्या पानावर ‘फायरवॉल : चालू’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले होते. ती चालू होती फक्त आयपीव्ही४ साठी. आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळ्या पानावर होती आणि बंद होती. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅटचा आडोसा उरतच नाही. म्हणून आत येणारी अनाहूत जोडणी अडवणारी फायरवॉल हाच तिथला एकमेव पडदा असतो.

पत्ते अफाट आहेत, कोण शोधणार, हा आपला युक्तिवाद मीही पूर्वी करत असे. माझ्या कॅमेऱ्याचा पत्ता नीट पाहिल्यावर तो करणे सोडले. पत्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, बरोबर मधोमध ‘एफएफ-एफई’ ही अक्षरे होती. याचा अर्थ उपकरणाने तो अर्धा भाग स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावरून बनवला होता. त्या ६४ बिटांपैकी १६ ही ठरलेली अक्षरे, २४ निर्मात्याचे सर्वांना ठाऊक असलेले संकेत. उरले २४, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास शक्यता. मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या झेडमॅप या साधनाने २०१३ मध्येच एका संगणकावरून संपूर्ण आयपीव्ही४ चा पट्टा पाऊण तासाच्या आत तपासून दाखवला होता. त्या वेगाला पावणेदोन कोटी ही काही सेकंदांची बाब आहे. राहिला पत्त्याचा पहिला अर्धा भाग. तो घरातल्या सर्व उपकरणांना सामायिक असतो आणि घरातले कोणीही ज्या संकेतस्थळावर जाते, त्या संकेतस्थळाला तो दिसतो. फोन आणि लॅपटॉप आपला दुसरा अर्धा भाग अधूनमधून बदलतात. स्वस्तातले कॅमेरे बहुधा बदलत नाहीत.

तंत्रज्ञाबद्दल मला तक्रार करायची नाही. त्याला दिवसात पंधरा घरे फिरायची असतात आणि ‘नेट चालत नाही’ एवढाच प्रश्न सोडवायचा असतो. फक्त ‘लो, मीडियम, हाय’ या तीन शब्दांमागे प्रत्येक डब्यात वेगळे नियम असतात, हे लक्षात घ्यावे. काही डब्यांत ‘हाय’ वर घरातून बाहेर जाणारी वाहतूकही अडते, मग व्हिडिओ कॉल तुटतात आणि माणूस वैतागून थेट ‘लो’ वर येतो. आपल्याला हवी असलेली जागा बहुतेक वेळा ‘मीडियम’ असते, म्हणजे आतून बाहेर मोकळे आणि बाहेरून आत बंद. पण नावावर विश्वास न ठेवता आयपीव्ही६ चे पान स्वतंत्रपणे उघडून पाहावे.

आता दुकानाच्या डीव्हीआरकडे येतो, कारण खरे सांगायचे तर आपल्या प्रतिक्रियेतले हेच वाक्य वाचून मी अधिक अस्वस्थ झालो. दुकानासाठी आपण पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता) घेतला आहे, म्हणजे तिथे सीजी-नॅट नाही. आणि डीएमझेड म्हणजे नोंद नसलेले प्रत्येक पॅकेट, कोणत्याही पोर्टचे असो, त्या एका उपकरणाकडे पाठवणे. नॅटवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाने नॅटचा आडोसा स्वतःच काढून टाकला आहे. ‘तीन वर्षांत काही झाले नाही’ हे आपल्याला कसे कळले असते? मिराई या नावाचा जो प्रोग्राम २०१६ मध्ये पसरला, तो टेलनेटवरून सुमारे साठ नेहमीची युजरनेम-पासवर्डे वापरून अशाच कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरांत शिरत असे. शिरल्यावर तो केवळ मेमरीत राहायचा, चित्रीकरण चालूच राहायचे, मालकाला काही कळायचे नाही. आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा हजारो डब्यांनी मिळून संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अमेरिकेत कित्येक तास नीट उघडत नव्हती. त्या डब्यांचे मालकही ‘काही झाले नाही’ असेच म्हणाले असतील. आपल्या डीव्हीआरमध्ये असे काही आहे, असा माझा दावा नाही. वीज गेली की मेमरीतले जाते हे खरे, पण दार उघडे असेल तर काही मिनिटांत तेच परत येऊ शकते.

म्हणून एक विनंती. डीएमझेड काढून टाकावे. त्याच बैठकीत यूपीएनपी (उपकरणांना राउटरची पोर्टे स्वतः उघडू देणारी सोय) बंद करावे, कारण ते चालू राहिले तर डीव्हीआर राउटरला सांगून आपली पोर्टे परस्पर पुन्हा उघडून घेऊ शकतो. राउटरच्या पोर्ट मॅपिंगच्या तक्त्यात ८००० किंवा ५५४ असे आकडे आपोआप उगवलेले दिसले तर तो त्याचाच उद्योग समजावा. घरून दुकान पाहायचे असेल तर, स्टॅटिक आयपी आहेच, राउटरमध्ये वायरगार्डची (बाहेरून आत येण्याच्या कुलूपबंद बोगद्याची, म्हणजे व्हीपीएनची) सोय असल्यास तेवढे एक यूडीपी पोर्ट उघडावे. ज्याच्याकडे आपली किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. राउटर जुना असेल आणि ही सोय नसेल, तर सध्या निर्मात्याचे ॲप वापरावे. ते मला फारसे आवडत नाही, पण डीएमझेडपेक्षा नक्कीच बरे. मूळ पासवर्ड दोन्हीकडे बदलावा, हे वेगळे सांगायला नको.

हे झाल्यावर विश्रामबागेत बसून, फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून दुकानाचा आयपी ब्राउझरमध्ये उघडून पाहावा आणि मग त्यापुढे ८००० हे पोर्ट जोडून पुन्हा एकदा. दुकानाच्या वायफायवर बसून तपासू नये. पॅकेट आतूनच वळून येते आणि निकाल फसवा मिळतो. दोन्ही वेळा पान उघडले नाही आणि तरीही डीव्हीआरचे चित्र आपल्याला हव्या त्या मार्गाने दिसले, तर मला दोन ओळी कळवाव्यात. आणि नव्या नियमानंतर घरचे नेट अर्ध्या तासाने पुन्हा सुस्त झाले, तर अधिक लवकर कळवावे.