सर, ते सुटं मिळत नाही

छोटी लक्झरी एसयूव्ही घेणाऱ्याच्या डोक्यात एक गणित पक्कं असतं, गाडी छोटी म्हणजे खर्च पण छोटा. हत्ती पोसणं आपल्याला झेपणार नाही ना, मग पिल्लू पोसू. पण पिल्लू खातं हत्तीएवढंच, कारण बोनेटवरचा लोगो मोठ्या गाडीला आणि छोट्या गाडीला सेमच असतो आणि वर्कशॉपमधलं बिल लोगोच्या मापाने निघतं.

त्यात माझी सेकंड हँड. या गाड्यांची किंमत बऱ्याचदा पाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणून तर माझ्यासारख्याला परवडते. किंमत घसरते ती गाडीची, पार्टची नाही. हेडलाइटला कुठे कळतं की आपण दुसऱ्या मालकाकडे आलोय म्हणून, तो नव्या गाडीच्याच भावात येतो. आणि बल्ब गेला तर बल्ब बदलू हा विचार तर सोडूनच द्या, आता एलईडी आत सीलबंद असतात, गेला तर अख्खा हेडलाइट, आणि तो काढायला बऱ्याचदा आधी बंपर काढायचा.

तर पिवळा दिवा. चेक इंजिनचा. तो नुसता पेटलेला असेल तर गाडी हळूहळू वर्कशॉपपर्यंत नेता येते, लुकलुकायला लागला तर बाजूला घ्यायची, कारण मग इंजिन मिसफायर होत असतं आणि न जळलेलं पेट्रोल जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतं, आणि त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकायला आधी बसून घ्यावं. माझा दिवा नुसता पेटतो. बायको विचारते, हे पिवळं काय रे, मी म्हणतो काही नाही, नेहमीचंच आहे, आणि रेडिओचा आवाज वाढवतो. मग मी एक छोटा स्कॅनर मागवला, स्टिअरिंगच्या खाली खोचायचा आणि मोबाइलवर कोड वाचायचा. आला पी०१२८. म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाहीये, संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. मी खूश, थर्मोस्टॅट केवढा असतो, मुठीत मावतो.

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर गेली, सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबलेट घेऊन आला आणि मला खाली उभं करून टॉर्च मारला. तिथे एक काळा प्लॅस्टिकचा डबा होता, त्याच्या जोडावर कूलंट वाळून गुलाबी पापुद्रा धरलेला, नखाने खरवडला तर गोडसर वास. मेकॅनिकने बोटाने दाखवलं, प्लॅस्टिकला केसाएवढी चीर गेलेली. इंजिन तापतं, गार होतं, परत तापतं, त्यात प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, एवढंच कारण. मी विचारलं, मग हे एवढं झाकण आणि आतलं रबर बदलूया ना?

"सर, ते सुटं मिळत नाही. असेंब्ली येते."

असेंब्ली हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशावर जातो. असेंब्लीत थर्मोस्टॅट आला, त्याचं घर आलं, सेन्सर आला, आणि माझा चांगला चाललेला वॉटर पंप पण त्यातच जोडलेला आला. बरं हे सगळं बसतं इंजिनच्या अशा कोपऱ्यात की तिथे जायला आधी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा देणाऱ्या नळ्यांचा जुडगा, काढायचा, त्याआधी एअर फिल्टरचा डबा, त्याआधी अजून काय काय, त्यामुळे लेबरचे तास. मग बोल्ट पण नवे. म्हटलं जुने काय वाईट आहेत? तर ते ॲल्युमिनियमचे असतात, एकदा आवळले की ताणले जातात, परत वापरायचे नसतात. मग कूलंट नवं. म्हणजे बोटातल्या अंगठीएवढं रबर, एक केसाएवढी चीर, आणि एस्टिमेट दोन पानांचं.

बॅटरीची तर वेगळीच तऱ्हा. साध्या गाडीत जुनी काढायची, नवी बसवायची, टाळ्या. इथे बॅटरी बसवून झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाबा ही नवीन आहे, नाहीतर तो तिला जुनी समजूनच चार्ज करत राहतो आणि ती लवकर मरते. या कोडिंगचे पैसे वेगळे. माझ्या लग्नात मध्यस्थाने एवढे घेतले नव्हते.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो, तो दोन क्लचवाला ऑटोमॅटिक आहे, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी उचक्या देते, मी तक्रार केली तर ॲडव्हायझर अगदी शांतपणे म्हणाला, "सर, ड्युअल क्लचचं ते कॅरॅक्टरिस्टिक आहे." म्हणजे प्रॉब्लेम नाही, स्वभाव आहे. स्वभावाला वॉरंटी नसते.

वॉरंटीवरून आठवलं, मी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलीये बरं का. त्यात सगळं आहे, फक्त झिजणारं काही नाही. रबर, बुश, ब्रेक, बॅटरी, क्लच, गॅस्केट, वायपर नाही. म्हणजे जे कधी बिघडत नाही ते पूर्ण कव्हर आहे.

टायर रनफ्लॅट आहेत. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या स्पीडने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून डिकीत स्टेपनी दिलेलीच नाही. छान आहे. पण बाजू इतक्या कडक की प्रत्येक खड्डा आधी सस्पेन्शनला, मग सीटला आणि मग माझ्या कमरेला कळतो. वर्षभरात पुढचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडातले रबर, वाजायला लागले. बुश सुटं मिळत नाही हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल, तो ज्या दांड्यात बसतो तो अख्खा कंट्रोल आर्म येतो, आणि तो बदलला की व्हील अलाइनमेंट आलीच.

मग एक दिवस बिलात अक्रोड आला. खोटं नाही सांगत. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुवून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बनचा थर चढतो, गाडी थंडीत थरथरते. तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारतात, कारण तो कार्बन खरवडतो पण धातूला ओरखडा पाडत नाही. अख्ख्या बिलात मला वाचल्यावर समजलेली ती एकमेव वस्तू होती, म्हणून मी घासाघीस पण केली नाही.

सनरूफ उघडायचा योग मला फारसा येत नाही, पण पाणी तिथूनच आलं. त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात, त्यात पानं-धूळ अडकली की पावसाचं पाणी खांबातून उतरून थेट कार्पेटखाली, जिथे वायरिंग आणि मॉड्यूल बसवून ठेवलेत. ते मी घरीच साफ केलं, गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हळूच सारून. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं लायनिंग उतरवायला लागतं. एवढा एकच जॉब माझा फुकटात झालाय आणि मी तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो.

वॉरंटीबाहेरच्या कामाला आता मी बाहेरच्या मेकॅनिककडे जातो. त्याच्याकडे पार्ट साध्या खोक्यात येतो, बनवणारा तोच, फक्त जिथे गाडीचा लोगो असायचा तिथे घासून काढल्याची खूण. किमतीतला फरक बघून मला कळलं की त्या घासलेल्या जागेचेच आपण इतके दिवस पैसे भरत होतो.

तरी सॉफ्टवेअरच्या एका कामासाठी परवा परत मोठ्या वर्कशॉपला जावं लागलं. ॲडव्हायझर खालून बघून आला आणि म्हणाला, "सर, ऑइल फिल्टर हाउसिंगला सीपेज आहे. गळत नाहीये, नुसतं ओलं आहे. सध्या ऑब्झर्वेशनखाली ठेवू."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही सर, बघत राहायचं."

"त्याचे काही चार्जेस?"

त्याने टॅबलेटवर दोन-तीनदा बोट फिरवलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "नाही सर, घरून बघितलं तर नाही."